गुरुजींची अमावस्या

मोहनराव गुरुजींना विनाकारण जळणारा दिवा बघवत नसे. कुणाच्या ओसरीवर दिवसाउजेडी बल्ब दिसला की ते रस्त्यातून वळायचे, त्या घरात शिरायचे, बटण बंद करायचे आणि मगच घरच्यांना रामराम घालायचे. आष्टीच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून ते टाकळवाडीला परतले होते, पण अंगातला मास्तर काही आष्टीला राहिला नव्हता. गाव त्यांचं ऐकायचं. ऐकायचं म्हणण्यापेक्षा ऐकून घ्यायचं. कारण गुरुजींचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असायचं, आणि सतत बरोबर असणाऱ्या माणसाशी वाद घालायला फार दम लागतो.

त्या साली पावसाने तोंड दाखवलं ते नावापुरतं. दसऱ्यापर्यंत गावातले आड आटले, बोअर धूळ ओकायला लागले. पाणी उरलं ते एकाच जागी, कोरड्या तलावाच्या पोटातल्या विहिरीत. विहीर गावाच्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेची, आणि संस्थेचे चेअरमन गुरुजी. विहिरीवरची मोटर पाणी उचलून गावातल्या टाकीत टाकायची आणि टाकीच्या तोट्यांना बायका हंडे लावायच्या. घोडं पेंड खायचं ते विजेपाशी. गावाला डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच, घरं त्याच्यावर आणि मोटरही त्याच्यावर. थ्री फेज लाईट यायची संध्याकाळी सहाला आणि जायची आठला. नेमके त्याच वेळेला घरोघर दिवे लागायचे. व्होल्टेज उतरायचं, मोटर नुसती घुमायची, पाणी चढायचं नाही. दसऱ्याच्या आतबाहेर ती एकदा जळाली. आठ दिवस गावाने टँकरमागे धावत काढले.

जळालेली मोटर नवं वाइंडिंग भरून आली त्या दिवशी गुरुजींनी सभा घेतली आणि नियम केला. सहा ते साडेसात कुणी दिवा लावायचा नाही. प्रत्येकाने घरातलं मेन स्विच खाली ओढायचं, चिमणी लावायची नाहीतर अंधारात बसायचं. पहिलं स्विच गुरुजी स्वतःच्या घरातलं ओढत आणि मग विहिरीवर जाऊन व्होल्टमीटरसमोर उभे राहत. मोटर चालवणारा शहादेव शेजारी बिडी ओढत बसे. गावाने या दीड तासाला 'गुरुजींची अमावस्या' असं नाव ठेवलं होतं. गुरुजींच्या कानावर ते आलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडलंही होतं. नियमाचा गुण आला. काटा चारशेच्या वर राहू लागला, टाकी भरू लागली.

दिवाळी झाली आणि खालच्या आळीतली माणसं ऊसतोडीला निघाली. ही आळी गावाच्या उताराला, गुरुजींच्या घराच्या पिछाडीला. बारा घरं, त्यांतल्या अकरांना कुलपं. मागे राहिली ती फक्त बाराव्या घरातली भिवराबाई. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, पण पायाने चालती. जाताना प्रत्येकजण आपली किल्ली तिच्या हातात देऊन जायचा. तशी त्या आळीची रीतच होती. माणसं सहा-सहा महिने बाहेर असली तरी दिवेलागणीला घर अंधारात राहू द्यायचं नाही, राहिलं तर ते घर माणसांना विसरतं असं तिथल्या बाया मानायच्या. भिवराबाई रोज तिन्हीसांजेला किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघायची. एकेक कुलूप काढायचं, देवळीजवळचा झिरोचा बल्ब लावायचा, हात जोडायचे, कुलूप घालायचं. तासाभराने परत फेरी मारून सगळे विझवायचे. मग कारखान्यावरून कुणाचा ना कुणाचा फोन यायचा, "आजे, लावला का दिवा?" आणि ती म्हणायची, "लावला बाबा." एवढ्यावर तिकडे पाचटाच्या कोपीत माणसं निवांत झोपायची.

गुरुजींचा नियम तिला लागू आहे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. नियम घरात बसणाऱ्या माणसांसाठी होता, आणि त्या घरांत तर माणूसच नव्हतं.

डिसेंबरअखेर गुरुजींचा पुण्याचा मुलगा चार दिवस येऊन गेला. दुष्काळात कडबा सोन्यासारखा झाला होता आणि घरामागच्या गंजीतून दोनदा पेंढ्या चोरीला गेल्या होत्या. मुलाने मागच्या भिंतीवर पाचशे-पाचशे वॅटचे तीन हॅलोजन बसवले आणि त्यांना सेन्सर जोडला. अंधार पडला की दिवे आपोआप लागणार, उजाडलं की आपोआप विझणार. वायर घरातून ओढायची तर भिंत फोडावी लागली असती, म्हणून त्याने ती गोठ्यातल्या जुन्या मीटरवरून घेतली. गुरुजींना त्या सेन्सरचं केवढं कौतुक. "दिवसा चुकूनसुद्धा जळत नाही. याला म्हणतात बचत," असं ते आल्यागेल्याला ऐकवत.

जानेवारी लागला आणि व्होल्टमीटरचा काटा खाली उतरला. तीनशे साठ. तीनशे पन्नास. मोटर पुन्हा घुमायला लागली. गावात नवीन असं काय लागलं, हा साधा प्रश्न विज्ञानाच्या मास्तराला पडायला हवा होता. त्यांना पडला तो वेगळाच: कोण चोरून दिवा लावतंय? एकदा चोर शोधायचा म्हटल्यावर चोर सापडायला वेळ लागत नाही. संस्थेचे संचालक सुंदरराव टाकीच्या ओट्यावरून उभ्या गावावर नजर ठेवून असत. त्यांनी येऊन सांगितलं, "गुरुजी, खालच्या आळीत अकरा दिवे जळत्यात. आमावस्येच्या टायमाला. म्या डोळ्यानं पाह्यलं."

गुरुजी बघायला गेले नाहीत. विहिरीवरून तडक टाकीवर आले. साठ-सत्तर बायका हंडे घेऊन उभ्या होत्या आणि रांगेच्या मध्याला भिवराबाई, कमरेवर एवढीशी घागर घेऊन. एरवी गुरुजी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना अहोजाहो करायचे. त्या संध्याकाळी त्यांची जीभ घसरली.

"भिवरे, खालच्या आळीतले दिवे तू लावतेस?"

"व्हय की. दिवाळीपासनं."

"नियम माहीत नाही तुला?"

"हाय ना ठावं. पर तिथं माणूस न्हाई गुरुजी. वापरतंय कोण लाईट?"

दोन-तीन बायका फिसकन हसल्या आणि गुरुजींचं डोकं फिरलं. ते म्हणाले, "गावाच्या तोंडचं पाणी तुझ्या अकरा दिव्यांनी प्यालंय. रिकाम्या भिंतींना उजेड, आणि इथे लेकराबाळांच्या घशाला कोरड. दे त्या किल्ल्या."

आजूबाजूला कुणी काही बोलतंय का, याची भिवराबाईने थोडा वेळ वाट पाहिली असावी. मग कमरेला खोचलेला जुडगा तिने काढला आणि गुरुजींच्या हातावर ठेवला. घागर न भरताच ती निघाली. सुंदररावांनी मोठ्याने सांगितलं की किल्ल्या संस्थेच्या कपाटात राहतील. त्या दिवसापासून रांगेत तिला बायका "या, पाणी पिणाऱ्या आजी" म्हणायला लागल्या. गंमत म्हणूनच, पण रोज.

अकरा दिवे बंद झाले. काटा तसूभर हलला नाही. पाचव्या दिवशी मोटरीतून धूर निघाला.

पुन्हा टँकर, पुन्हा धावाधाव. या खेपेला गावाजवळ शिव्या घालायला माणूस तयार होतं. म्हातारीने आधीच मोटर खिळखिळी केली, असं सुंदरराव सांगत फिरले. गुरुजींना मात्र वेगळाच संशय. म्हातारीने एखादी किल्ली मागे ठेवली असणार, नाहीतर दुसरी करून घेतली असणार. मोटर भरायला गेलेली, त्यामुळे संध्याकाळी विहिरीवर काम नव्हतं. दिवेलागणीच्या सुमाराला ते काठी घेऊन खालच्या आळीत उतरले. काय करायला, तर सत्तरीच्या बाईला रंगेहाथ पकडायला. पुढे ही गोष्ट आठवली की त्यांच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

आळीत सामसूम होती. अकराही घरं काळीठिक्कर. ते भिवराबाईच्या अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. ती चुलीपुढे बसली होती. आणि एकदम त्यांच्या पाठीमागे लख्ख उजेड पडला. एवढा, की त्यांची सावली अंगण ओलांडून म्हातारीच्या दारावर उभी राहिली. गुरुजी दचकून वळले. वर उताराच्या टोकाला त्यांच्याच घराची मागची भिंत पेटल्यासारखी दिसत होती. तीन हॅलोजन. लग्नाच्या मांडवात असतो तेवढा उजेड, आणि खाली राखायला कडब्याच्या दोन गंजी.

"कोण हाय?" भिवराबाईने विचारलं. मग ओळखून पदर सावरला. "गुरुजी व्हय. या की."

"भिवराबाई, हे दिवे रोज या वेळेला लागतात?"

"लागत्यात की. आपसूक."

"अमावस्या चालू असते तेव्हासुद्धा? मी विहिरीवर असतो तेव्हा?"

"रोजच. घड्याळावानी." तिला वाटलं ते खुशीत विचारताहेत. "लई चांगला उजेड पडतो. म्या त्याच उजेडात कुलपं काढायची."

"मग मला त्या दिवशी टाकीवर का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं त्यात?" ती खरोखरच बुचकळ्यात पडली होती. "आमचा दिवा बटण दाबल्यावर लागतो, त्याला करंट लागतो. तुमचा बिनबटणाचा. त्यो तुमच्या शास्त्रावर चालत असंल, असं म्हणलं."

तेवढ्यात तिच्या गळ्यातल्या पिशवीत मोबाइल वाजला. पहिल्या घराचा उत्तरेश्वर होता, कारखान्यावरून. भिवराबाईने गुरुजींकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि हळू आवाजात म्हणाली, "लावला बाबा. अकराबी लावले. तू जेवून घे." फोन ठेवला तरी ती वळली नाही. तशीच म्हणाली, "आठ-नऊ दिवस झाले, लबाड बोलतीया. उभ्या जल्मात न्हाई बोलले. किल्ल्या काढून घेतल्या असं कोणत्या तोंडानं सांगू? ते म्हणतील, म्हातारीनं काहीतरी केलं असंल."

गुरुजींना "चूक माझी आहे" एवढे तीन शब्द म्हणायचे होते. ते "बरं, येतो" म्हणाले आणि घराकडे वळले.

गोठ्यात जाऊन त्यांनी जुन्या मीटरचा फ्यूज उपसला. मागची भिंत अंधारात गेली. मग ओसरीवर बसून कागद-पेन्सिल घेतली. त्याची काही गरज नव्हती, हिशेब तोंडी होता. झिरोचा बल्ब पंधरा वॅट धरला तरी अकरांचे एकशेपासष्ट. आपले तीन हॅलोजन, पंधराशे. म्हातारीचे दिवे दिवाळीपासून लागत होते तेव्हा काटा चारशेवर होता. आपले लागले आणि काटा पडला. मेन स्विच ओढलं म्हणजे सगळं बंद, असं धरून आपण ताठ मानेने विहिरीवर जात होतो, आणि मागे गोठ्याचं मीटर गरगरत होतं.

"अगं, मागचे दिवे अमावस्येच्या वेळी लागतात हे तू पाहिलं होतंस?" त्यांनी बायकोला विचारलं.

केसरबाई दाणे निवडत होत्या. "टाकीवरून दिसत्यात ना. समद्यांनाच दिसत्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाला कशापायी बोलावं कुणी? तुमी आजवर कधी चुकलात म्हणून कबूल केलंय का?" त्या रागाने म्हणाल्या नाहीत. ताटातला खडा बाजूला काढावा तितक्या सहज म्हणाल्या.

आता खरं तर दुसऱ्या दिवशी टाकीवर जाऊन सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं. गुरुजी गेले नाहीत. मोटर येऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. मोटर आली. काटा चारशे दहावर गेला आणि तिथेच राहिला. शहादेव खूश, गाव खूश. सुंदररावांनी चारचौघांत गुरुजींच्या पाठीवर थाप मारली. "पाह्यलं का? दिवे बंद केले अन् मोटर कशी उचलाया लागली. म्हातारीचंच काम व्हतं ते. गुरुजींची नजर लई बारीक." गुरुजी हसले. ते हसू त्यांचं त्यांनाच ओशाळवाणं वाटलं, पण हसले. तीन दिवस त्यांनी ही वाहवा गिळली. जेवण जाईना. म्हातारीची आळी दिसू नये म्हणून ते मागच्या दाराने बाहेर पडायचे बंद झाले. आपण इतके भित्रे आहोत हे साठीला आल्यावर कळावं, याची त्यांना मनस्वी लाज वाटत होती, आणि त्या लाजेनेही तोंड उघडत नव्हतं.

चौथ्या संध्याकाळी टाकी भरली आणि गुरुजी विहिरीवरून टाकीवर आले. बायकांची रांग लागली होती. भिवराबाई रांग सोडून पुढे आली, घागर खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर हात जोडले.

"बायांनो, माज्यामुळं गाव तहानलं. मला कळत न्हाई त्यातलं, पर आता मोटर चालली म्हंजी तुमचं खरं व्हतं. माज्या दिव्यांनीच झालं. पोटात घाला."

तिला कुणीही काही म्हणायला लावलं नव्हतं. इतके दिवस ऐकून ऐकून तिला ते पटलं होतं. तिच्या दिव्यांचा गुन्हा गुरुजींनी तिला शिकवला होता आणि ती तो धडा पाठ करून आली होती.

"भिवराबाई, हात खाली घ्या," गुरुजी म्हणाले. "तुमच्या दिव्यांनी काही झालं नाही. माझ्या दिव्यांनी झालं."

आणि मग त्यांनी सांगितलं. मागचे तीन हॅलोजन, गोठ्याचं मीटर, पंधराशे वॅट, एकशेपासष्ट वॅट. फ्यूज काढला तेव्हापासून काटा वर आहे. हे कळून आठवडा झाला आणि या आठवड्यात मी गप्प बसून शाबासकी घेतली, हेही सांगितलं. सांगताना ते जमिनीकडे बघत होते. आता गाव तोंडात शेण घालेल याची त्यांनी तयारी ठेवली होती. खरं सांगायचं तर त्यांना ते हवंही होतं.

सुंदरराव पुढे आले आणि गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू द्या गुरुजी. दिसायचं आमाला. पर म्हणलं तुमचं काहीतरी शास्त्र असंल. चुकून झालं, त्याचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं." मागून कुणीतरी "व्हय, व्हय, चालायचंच" म्हणालं. तोटी सुरू झाली, पहिला हंडा लागला. संपलं.

एकशेपासष्ट वॅटची किंमत गावाने पंधरा दिवस वसूल केली होती. पंधराशे वॅट एका वाक्यात माफ झाले. गुरुजींना तिथे उभं राहवेना.

संस्थेच्या कपाटातून जुडगा घेऊन ते खालच्या आळीत गेले. भिवराबाईपुढे दोन्ही हातांनी तो धरला. तिने हात पुढे केला नाही.

"मला तुमी न्हवत्या दिल्या किल्ल्या," ती म्हणाली. "ज्यांच्या हायत त्यांना इचारा. कशापायी काढून घेतल्यात्या ते सांगा, अन् म्या खोटं बोलत व्हते तेबी सांगा. ते द्या म्हणले तर मंग द्या." तिने गळ्यातली पिशवी काढली आणि मोबाइल त्यांच्या हातात ठेवला. ती रागात नव्हती. फक्त काम सांगत होती.

गुरुजी तिच्या उंबऱ्यावर बसले. पहिला फोन उत्तरेश्वरला लावला. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"आजे, लावला का दिवा?"

"उत्तरेश्वर, मी मोहनराव गुरुजी बोलतोय."

पलीकडून भेदरलेला आवाज आला. "गुरुजी? म्हातारी हाय ना?"

"आहे, बरी आहे. समोर बसलीय." आणि गुरुजींनी सुरुवात केली. किल्ल्या मी काढून घेतल्या. चूक माझी होती. ती तुला रोज खोटं सांगत होती, ते माझ्यामुळे. ते बोलत होते आणि पलीकडून नुसतं "बरं, बरं गुरुजी" येत होतं. टाकीवर आलं होतं तसलंच "बरं".

"अरे, नुसतं बरं म्हणू नकोस, नीट समजून घे. किती दिव्यांना किती वॅट लागतात याचं ते गणित आहे. तू आष्टीला माझ्या वर्गात होतास. आठवीत मी स्वतः शिकवलंय तुला, आठवत नाही का?"

"न्हाई गुरुजी," उत्तरेश्वर म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट आपलीच चूक झाल्यासारखा तो बोलत होता. "ते तुमी दिवाळीच्या पुढं शिकवायचे. तवा आमी तोडीला असायचो."

उत्तरेश्वरचं नाव आपण हजेरीत दर हिवाळ्यात लाल शाईने खोडायचो, एवढं गुरुजींना आठवलं. भिवराबाई चुलीपाशी खालमानेने बसली होती. अजून दहा फोन बाकी होते.

"बरं, मग आता ऐक," ते म्हणाले. "एका दिव्यापासून सांगतो. मध्येच काही अडलं तर थांबव मला."